बदली आचारी

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच सरकारी माणसाला फसवायचा प्रयत्न केला. तो माझ्यामुळे केला आणि तो पाऊण तासही टिकला नाही.

ऐंशीच्या दशकातला मे महिना. मी नुकतीच चौथी पास झाले होते. वडील सैन्यात सरहद्दीवर आहेत अशा मुलांसाठी रत्नागिरीत बारा दिवसांचं उन्हाळी शिबिर निघालं आणि आईने मला त्यात घातलं. आमचं गाव पालीच्या आत, डोंगरात. समुद्र मी दोनदाच पाहिला होता, तोही लांबून. शिबिराच्या अकराव्या दिवशी मिरकरवाड्याहून लाँचीतून समुद्रात फेरी होती. मी तिथे होते ती त्या फेरीसाठी. प्रार्थना, कवायत आणि कागदाची फुलं मी निमूटपणे सोसत होते.

शिबिर चालवणारे सर निवृत्त मुख्याध्यापक होते. शिबिर पुढच्या वर्षी पुन्हा भरवायचं की नाही, हे ठरवायला नवव्या दिवशी पुण्याहून सरकारी खात्यातल्या एक बाई येणार होत्या. मुलांना शिबिराचा उपयोग होतोय का, ते त्या मुलांनाच विचारणार होत्या. त्यांचे प्रश्न आधीच छापून आले होते. आता सरांचा जन्म तपासण्यांना तोंड देण्यात गेलेला. प्रश्न आधी कळलेत आणि उत्तरं पाठ करून घ्यायची नाहीत, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

'मुलांची चिडचिड कमी झाली का?' असा एक प्रश्न होता. सरांनी तपासणी होईपर्यंत चिडायला बंदी घातली. तरीही एक मुलगा चिडला, म्हणून त्याला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या, आणि तो आणखी चिडून परत आला.

खरी पंचाईत पुढच्या प्रश्नाने केली. 'वडिलांची आठवण येते का?' येत नाही म्हणावं तर मुलं कोडगी दिसणार, येते म्हणावं तर शिबिर फुकट गेलं असं दिसणार. सर एक अख्खी संध्याकाळ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी फळ्यावर उत्तर लिहिलं: 'येते, पण रडू येत नाही.' चाळीस मुलांनी ते सकाळ-संध्याकाळ घोकलं.

आठव्या दिवशी दुपारी फाटकाशी एक उंच माणूस येऊन उभा राहिला. केस बारीक कापलेले, हातात पिशवी. "काय गो, वळाकलंस नाय?" तो म्हणाला. मी खरंच ओळखलं नव्हतं. माझे बाबा म्हणजे घरातल्या भिंतीवरचा फोटो, आणि फोटोतल्या बाबांना मिशा होत्या. मागच्या वेळी ते आले तेव्हा मी दुसरीत होते. मी मैत्रिणीच्या पाठीमागे गेले आणि तिथूनच त्यांच्याकडे बघत राहिले.

त्यांना अचानक दहा दिवसांची रजा मिळाली होती. चार जाण्यायेण्यात जाणार, हातात सहा. पहिल्या दिवशी घरी पोचले तर मुलगी शिबिरात, म्हणून दुसऱ्या दिवशी मिळेल त्या एस.टी.ने मला न्यायला आले होते.

सरांचा चेहरा पडला. "पट चाळीसचा दाखवलाय हो मी. उद्या तपासणी आणि आज एक मूल कमी? आणि वडील घरी आलेत म्हटलं की ही नियमातच बसत नाही. उद्या दुपारपर्यंत थांबा. तुम्ही आलाच नाहीत असं समजू."

दुसरा कुणी असता तर माझा हात धरून चालू लागला असता. पण बाबांची अर्धी हयात हुकूम ऐकण्यात गेलेली. समोरचा माणूस 'सर' आहे म्हटल्यावर त्यांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "जी सर." घरचा एक आणि हा एक, सहातले दोन दिवस असे गेले. मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते: मला बरं वाटलं. बाबांबरोबर घरी गेले तर लाँचीची फेरी बुडाली, एवढंच मला कळत होतं.

शिबिराचा आचारी पुतणीच्या लग्नाला गेला होता आणि दोन दिवस आम्ही करपलेला भात खात होतो. बाबांनी टोपाचं झाकण उघडून पाहिलं, सदरा काढून खुंटीला लावला आणि चुलीपुढे बसले. "शंबर जनांचा केलाय मी पलटणीच्या लंगरात. चाळीस म्हंजे काय?" त्या रात्री पुऱ्या झाल्या. सण नसताना पुऱ्या! सरांनी सगळ्यांना ताकीद दिली, की हे बदली आचारी आहेत, बाकी काही नाही.

पण मुलांना ठाऊक होतं. सकाळी पाहते तर चुलीभोवती ही गर्दी. एकाला सलाम कसा करायचा ते शिकायचं होतं, एकाला बुटाची नाडी लष्करी पद्धतीने बांधून हवी होती. चिडणारा मुलगा तर त्यांच्या पाठीवरच चढून बसला होता आणि बाबा तसेच कणीक मळत होते. एकोणचाळीस मुलांनी माझे बाबा वाटून घेतले. मी तेवढी खांबाशी उभी. मला राग येत होता, आणि पुढे व्हायला लाजही वाटत होती.

दहा वाजता बाई आल्या. गोऱ्या, चष्मा लावलेल्या, बोलायला फार गोड. त्यांनी पहिल्याच मुलाला विचारलं, "इथलं जेवण आवडतं का रे बाळ?"

"येते, पण रडू येत नाही," तो ठणकावून म्हणाला.

सरांनी कपाळाचा घाम पुसला. बाईंनी उरलेल्यांना एकेकटं विचारायचं ठरवलं आणि सावली म्हणून नेमकं स्वयंपाकाच्या पडवीतलं बाकडं निवडलं. माझा नंबर आला तेव्हा बाबा चार हातांवर बसून आमटी ढवळत होते.

"तुला बाबांची आठवण येते का गं?"

पाठ केलेलं उत्तर ओठांवर होतं. पण ज्यांची आठवण येते म्हणायचं ते समोर बसलेले, आणि कान इकडे. माझ्याने ते म्हणवेना.

"नाही," मी म्हटलं.

"नाही? का गं?"

"मला ते नीट आठवतच नाहीत. फोटो आठवतो."

पळी थांबली. बाईंच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, मला जायला सांगितलं आणि सहज म्हणून चुलीकडे वळल्या. "वास छान येतोय हो आमटीचा. तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी, मॅडम."

"कुठे असते?"

बाबा उठून ताठ उभे राहिले. वरिष्ठांनी सरळ विचारलं की सरळ सांगायचं, याच्यापुढे सरांचा पट टिकणार नव्हता. "शिबिराला असते, मॅडम."

"कुठल्या?"

"ह्याच. आता तुमच्याशी बोलली ती."

सर खांबाला टेकले. बाई माझ्याकडे, मग बाबांकडे बघत राहिल्या. चष्मा काढून त्यांनी पुसला. "किती दिवस रजा उरलीय?"

"आजचा धरून चार, मॅडम."

"मग इथे आमटी काय ढवळताय?" एवढं बोलून त्यांनी यादी मागवली, माझ्या नावावर रेघ मारली आणि सरांना म्हणाल्या, "वडील घरी आलेत, मुलगी नियमात बसत नाही. पट एकोणचाळीस लिहा. शिबिर पुढच्या वर्षी होईल, काळजी करू नका. आचारी मात्र दुसरा बघा."

अख्ख्या शिबिरात रडलेलं मूल एकच, मी. वडील नाहीत म्हणून नाही, वडील न्यायला आले म्हणून. पिशवी घेऊन फाटकापर्यंत भोकाड पसरलं होतं. एस.टी.त खिडकीशी बसले आणि तोंड बाहेर करून मुसमुसत राहिले. बाबांनी हातखंब्याच्या थांब्यापर्यंत मला रडू दिलं. मग खांद्याला हळूच बोट लावलं.

"बाये, लाँच फुडल्या वर्षीबी आसंल. मी आजचा धरून चार दिस हाय. नीट बगून घे."

आणि टोपी काढून ते माझ्याकडे तोंड करून बसले.

मला इतकं वाईट वाटलं की रडायचं राहून गेलं. मी बघायला लागले. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून डाव्या कानापासून केली. कानाच्या पाळीचा एक तुकडा नव्हता. "हे काय झालं?" मी विचारलं. ते सांगायला लागले. एक खेचर होतं, बर्फ होता, आणि चूक खेचराची नव्हती. ते सांगत होते, मी मधेमधे विचारत होते, आणि पाली आली तेव्हा आमचा अजून तो एकच कान चालला होता.