लंगरपुढचा टब

चव्वेचाळीस साली आमची कंपनी आसामच्या सरहद्दीवर होती. मी लान्स नाईक. जेवणाआधी लंगरपुढे, म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघरापुढे, जवानांचे हात धुवून घेणं माझं काम. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. डॉक्टर कॅप्टनसाहेबांची ऑर्डर साफ होती: साबण लावायचा, मगानं वरून पाणी ओतायचं, वापरलेलं पाणी खड्ड्यात.

नदी पन्नास पावलांवर होती. पण मी दुष्काळी माणचा. आमच्याकडे भांडी विसळलेलं पाणीसुद्धा शेळीपुढे ठेवतात. पाणी मातीत जाताना पाहिलं की माझा जीव तुटायचा. म्हणून मी एक टब भरून ठेवला. सगळ्यांनी त्यातच हात बुडवायचे. वर स्वतःला मोठा शहाणा समजत होतो.

कवठे महांकाळचा शिपाई ज्ञानू माझा जोडीदार. तो एकदा टबापाशी थांबला.

"गड्या, पानी गढूळ झालंय रं. वतून दिऊ का?"

"लय शाना हाईस. तुज्या गावात एवढं तरी मिळतं का? बुडव हात."

तो हसला आणि त्यानं हात बुडवले.

चौथ्या दिवशी हगवण सुरू झाली. सकाळी तीन जण, संध्याकाळपर्यंत अकरा. कॅप्टनसाहेब आले.

"हाथ पानी डालकर धुलवाते हो?"

"यस सर."

ते गेल्यावर टब गुपचूप ओतून दिला. दंडावरची लान्स नाईकची फीत जाईल याची मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

ज्ञानूला पाचव्या दिवशी दुपारी अडीचला स्ट्रेचरवर घातलं. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"सायबांनी हात कसं धुता त्ये इचारलं. टबाचं म्या न्हाई सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फील्ड हॉस्पिटलमधून निरोप आला. ज्ञानू गेला होता.

युद्ध संपल्यावर मी कवठे महांकाळला गेलो. उन्हाळा होता. त्याच्या आईनं कोसभरावरून आणलेली घागर उंबऱ्याशी ठेवली आणि तांब्यानं माझ्या हातांवर पाणी ओतू लागली. एक तांब्या, दुसरा, तिसरा.

"पुरं, आई. पानी वाया जातंय."

"जाऊ दे, बाबा. माज्या ज्ञानूच्या जोडीदाराला पानी कमी करू व्हय?" मग तिनं विचारलं, "लढाईत गेला न्हवं माजा ज्ञानू?"

"व्हय."

तेव्हाही मी खोटंच बोललो. आज ती नाही, म्हणून धीर होतोय. आई, तुमचा ज्ञानू गोळीनं गेला नाही. माझ्या टबातल्या पाण्यानं गेला, आणि जाताना माझी फीत वाचवून गेला.