नागपूर, दीड तास

हे मी बारा वर्षं कोणालाच सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं की उठून गॅलरीत जायचो. उलव्यातल्या आमच्या गॅलरीतून आता विमानं उतरताना दिसतात, त्यामुळे तिथंही बसवत नाही.

आमचं जुनं गाव याच विमानतळाखाली गेलं. त्या गावातल्या घरात बाबा एका सकाळी आठला गेले. त्याआधी आठवडाभर त्यांचा एकच धोशा होता, "पोरीला बोलव." पोर म्हणजे माझी धाकटी बहीण, नागपूरला दिलेली. मी कळवलं नाही. दोन दिवसांत बाबा उठून बसतील असं वाटलं. मग उशीर झाला, आणि उशीर का केला हे तिला सांगायची हिंमत उरली नाही.

बाबा गेल्याचं कळवलं तशी ती फोनवर रडतच म्हणाली, "दादा, मी विमानानं निघते. बाबांना थांबव."

अंगणात काका, बाबांचे धाकटे भाऊ, तिरडी बांधत होते. दिवस मावळायच्या आत न्यायचं, ही आमच्याकडची रीत. हातातली दोरी तशीच धरून त्यांनी विचारलं, "नागपूरशी यायला इमानाला किती वेल लागतं रं?"

दीड तास. मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी वाशीच्या तिकीटवाल्याकडे तिच्यासाठी चौकशी केली होती आणि तिकीट न काढताच परतलो होतो. पुढे मुंबईहून गाडीचे दोन तास धरले तरी चारपर्यंत ती दारात उभी राहिली असती. आणि सगळ्यांसमोर विचारलं असतं, "आठवडाभर मला का नाही कळवलंस?"

"पाच-सहा तास तर इमानातच जातील," मी म्हणालो.

अंगणातलं कोणीच तोवर विमानात बसलेलं नव्हतं.

"मंग रात व्हल. बिचारी पोर," म्हणत काकांनी गाठ आवळली.

तिला मी सांगितलं, "काका थांबायला तयार नाहीत."

ते तिच्या मनात रुतलं. तिच्या मुलीच्या लग्नाला काका हौसेनं एवढ्या लांब गेले, तर तिनं साधं पाणी विचारलं नाही. परतताना ते म्हणाले, "माजं काय चुकलं रं?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काका गेले तेव्हा ती आली नाही.

गेल्या महिन्यात सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली."

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. ते धावपट्टीवरून निघालं तेव्हा आमचं अंगण नेमकं कुठं होतं ते शोधत होतो. वर गेल्यावर दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काका, पहिल्यांदाच का? टेन्शन घेऊ नका. दीड तासाचा तर प्रवास."

"माहितेय," मी म्हणालो.

तिच्या दारात माणसं ताटकळत उभी होती. भाचा पुढे आला. "तुमच्यासाठीच थांबलोय, मामा. आईनं बजावलं होतं, कोणी कितीही घाई करू दे, दादा आल्याशिवाय मला हलवायचं नाही."

तिच्या ओठांवर पाणी सोडताना मी कानाशी वाकलो. "बाय, काकांनी नव्हे गं..."

मागून कोणीतरी मला खांद्याला धरून उठवलं. 'मीच. माफ कर,' हे तोंडातच राहिलं.