संत्र्यांचा ढीग

आज अकोल्याच्या घरी संत्रं सोललं आणि सालीचा उग्र वास येताच नजर भिंतीवरच्या चित्राकडे गेली. कॉलेजात असताना चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात काढलेलं. तेव्हा माझ्या अंगात पोस्ट-इम्प्रेशनिस्ट चित्रकार संचारले होते: जाड रंगाचे फटकारे, जांभळ्या सावल्या. समोरची संत्रीवाली मात्र गिऱ्हाइकाला ढिगाला हात लावू देईना.

"थांबा ना भाऊ, चित्र काढून राहिले ते. ढीग मोडन."

गिऱ्हाइकं शेजारणीकडे वळत होती. असे तीन तास गेले.

चित्र झाल्यावर ती पदराला हात पुसत बघायला आली. "संत्रे त झकास हायेत. पण माहं तोंड कुठं हाये?"

तोंडाच्या जागी मी नुसता एक तपकिरी फटकारा ओढला होता.

"चित्रात तोंडाला महत्त्व नसतं मावशी, रंग बघा," मी ऐटीत म्हणालो.

"असन बाप्पा," म्हणत तिने त्याच ढिगातली दोन संत्री माझ्या हातावर ठेवली.

आज ब्रश ओला करून चित्रासमोर उभा राहिलो. तिचा आवाज आठवतो, ती दोन संत्री आठवतात. तोंड आठवत नाही. आणि तीन तास मी तिच्यासमोरच तर बसलो होतो.