माहेरचा रिपोर्ट, सासरचा रिपोर्ट

माझं माहेर ठाण्याला कोपरीत आणि सासर डोंबिवलीला. मधे खाडी आहे, आणि शहाणपण त्या खाडीच्या अलीकडेच संपतं असं माझ्या आईचं ठाम मत होतं. आई साताऱ्याकडची, सासूबाई गुहागरकडच्या. एकीच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट, दुसरीच्या भाजीत ओलं खोबरं. लग्नात दोघी एकमेकींना विहीणबाई, विहीणबाई करत होत्या, पण पुढे प्रत्येक गोष्टीत तुमचं की आमचं हे सुरू झालं, आणि त्यातही डॉक्टर कोणाचा चांगला यावर तर कधीच एकमत झालं नाही.

हे सगळं पेलवलं असतं. पण माझी दोन बाळंतपणं होता होता राहिली. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात. नव्वद साल उलटून गेलं होतं, मी सत्तावीस वर्षांची होते आणि तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आनंद व्हायच्या आधी मी दिवसच मोजायला लागले. डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरीणबाई मोठ्या शिस्तीच्या. म्हणाल्या, "या वेळी आपण आधीच टॉर्च करून घेऊ."

टॉर्च म्हणजे रक्ताची तपासणी. चार-पाच जंतूंपैकी कुठला आईच्या रक्तात आहे का, ते त्यात बघतात. तेव्हा ती नवी नवी आली होती आणि मूल न टिकणाऱ्या प्रत्येक बाईच्या नशिबी येत होती. नाव टॉर्च, पण आमच्या घरात तिने उजेड पाडण्याऐवजी अंधारच केला.

डोंबिवलीच्या लॅबचा रिपोर्ट आला. सगळं निगेटिव्ह, फक्त हर्पीसपुढे पॉझिटिव्ह. आयजीएम पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "ही ताजी लागण दिसते. बाळाला धोका असू शकतो. मी तुमच्या जागी असते तर मोकळी झाले असते. काय ते तिसरा महिना संपायच्या आत ठरवा."

मोकळी होणं! जणू मी कुठल्या मीटिंगमध्ये अडकले होते.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. हर्पीस म्हणजे नागीण एवढं त्यांना कुठूनतरी माहीत होतं. त्यांनी दार लावून माझी पाठ, कंबर, काखा, सगळं डोळ्यांत तेल घालून तपासलं. "कुठे आहे? काहीच नाही उठलेलं." शेजारच्या काकूंना नागिणीवर लावायला काव आणि तांदळाचं पीठ घेऊन बोलावण्यापर्यंत मजल गेली. मी कसंबसं थांबवलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

माझा नवरा मात्र रिपोर्ट वाचून बाहेर पडला तो संध्याकाळी उशिरा घरी आला. जेवला नाही. शेवटी म्हणाला, "मी मेडिकलवाल्याकडे विचारायला गेलेलो. तो म्हणतो, हे नागीण नाही. हे... त्या प्रकारातलं असतं."

"कुठल्या प्रकारातलं?"

"बाहेरून येतं."

मी स्वभावाने आधीच तापट. त्यात पोटुशी. मी म्हटलं, "बाहेर कोण जातं? मी डोंबिवलीतून कोपरीला जाते आणि कोपरीतून डोंबिवलीला येते. सुरतेला चार महिने कंपनीच्या कामाला कोण राहिलं होतं?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने शपथ घेतली नाही, आवाज चढवला नाही, तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. विचारल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, कारण न विचारता मी ते पोटात घेऊन बसले असते तर आम्ही दोघं आज एका घरात नसतो. पण ते दिवस वाईट होते. एका ताटात जेवणारी माणसं आम्ही, पाण्याचे पेलेसुद्धा वेगळे ठेवायला लागलो.

मग मी माहेरी गेले. आईने रिपोर्ट बघितला, म्हणजे लॅबचा पत्ता बघितला, आणि म्हणाली, "डोंबिवलीची लॅब होय? मग बरोबर." दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती टेंभी नाक्याजवळच्या लॅबमध्ये. नवरात्र चालू होतं. देवीच्या दर्शनाची रांग थेट लॅबच्या पायरीपर्यंत आली होती. आई मला ढकलत, "अहो, रक्त द्यायचंय, रक्त द्यायचंय," असं ओरडत रांगेतून पुढे नेत होती, आणि लोक घाबरून वाट देत होते.

तो रिपोर्ट आला आणि आईने पेढे वाटायचेच बाकी ठेवले. हर्पीस आयजीएम: निगेटिव्ह. तिने नाक्यावरच्या बूथवरून डोंबिवलीला फोन लावला. "विहीणबाई, आमच्या मुलीला काही नाही हो. आमच्याकडचा रिपोर्ट स्वच्छ आहे. तुमच्याकडेच काय ते बघा."

पलीकडून सासूबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण आईच्या कानाची पाळी लाल झालेली दिसली. तिथून पुढे दोन रिपोर्टांची लढाई सुरू झाली. आमची लॅब मोठी, तुमची लॅब जुनी. आमच्याकडे मशीन आहे, तुमच्याकडे नुसता बोर्ड आहे. नवरा बिचारा इकडून तिकडे निरोप पोहोचवत होता. आणि माझ्या पोटातलं जे कोण होतं त्याचं काय करायचं, ते कोणीच बोलत नव्हतं. तिसऱ्या महिन्याची अखेर जवळ येत होती. मी आंघोळीला गेले की पोटावर हात ठेवून उभी राहायची. या वेळी मला ते हवं होतं, इतकं हवं होतं की देवाजवळ मागायचीसुद्धा भीती वाटायची.

शेवटी आईने दोन्ही रिपोर्ट दाखवायला पाठवले, तेव्हा कोपरीच्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी निरोप धाडला. हे माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. आता दवाखाना जवळजवळ मुलाच्या हाती दिलेला. म्हणाले, "नुसते कागद पाठवू नका. माणसं पाठवा. दोन्हीकडची."

रविवारी सकाळी त्यांच्या दवाखान्यात आम्ही चौघं, मी, नवरा, आई आणि सासूबाई, एका बाकावर बसलो. मधे मी आणि नवरा, दोन टोकांना दोन विहिणी. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग आईकडे बघून विचारलं, "हा तुमचा. यातली दुसरी ओळ वाचलीत?"

आईने वाचली नव्हती. कोणीच वाचली नव्हती. टेंभी नाक्याच्या लॅबने दोन तपासण्या केल्या होत्या. आयजीएम निगेटिव्ह, आणि त्याच्याखाली आयजीजी पॉझिटिव्ह. आईने पहिल्या ओळीवरच विजय साजरा केला होता.

"हे बघ पोरी," डॉक्टर मला म्हणाले, "आयजीजी म्हणजे जुनी ओळख. हा जंतू कधीतरी तुझ्या अंगात आला, आणि राहिला. आयजीएम म्हणजे नवी ओळख, असं आपण धरतो. पण ही तपासणी नाकासारखी आहे. वास आला एवढं सांगते. कुठून आला, कोणी आणला, ते सांगत नाही. आणि कधी कधी शेजारच्या घरातला वास आपल्याच घरातला वाटतो. कांजिण्यांचा जंतू याच घराण्यातला आहे."

"पण मेडिकलवाला म्हणाला..." नवरा चाचरत म्हणाला.

"मेडिकलवाल्याला खोकल्याचं औषध विचारावं. याचा एक भाऊ खाली होतो, तो तुम्ही म्हणता तसा येतो. पण दुसरा ओठावर होतो, आणि तो बहुतेकांना लहानपणीच मिळतो. आजी मुका घेते, मावशी उष्टा घास भरवते, झालं. या तपासणीला त्या दोघा भावांतला फरक धड कळत नाही. घरोघरी मातीच्या चुली आहेत, साहेब. यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा होत नसतो." मग त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "बरं, तुमच्या घरी कोणाच्या ओठावर तापाचे फोड उठतात?"

आम्ही तिघांनी एकदम सासूबाईंकडे बघितलं. दर उन्हाळ्यात, दर गणपतीत, जरा दगदग झाली की त्यांच्या खालच्या ओठावर फोडांचा घोस यायचा. त्यावर त्या तूप लावायच्या.

सासूबाई ताडकन उठल्या. "माझ्या अंगात असलं घाणेरडं काही नाही. ते उष्णतेचं आहे. माझ्या आईलाही यायचं."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर डोंबिवलीला परतले. सोमवारी सकाळी चहा झाल्याबरोबर चपला घातल्या. "चल. तुझ्या त्या लॅबमध्ये. दाखवूनच देते त्या म्हाताऱ्याला." आणि डोंबिवलीच्या लॅबमध्ये, आयुष्यात कधी सुई टोचून न घेतलेल्या माझ्या सासूबाईंनी बांगड्या मागे सारून हात पुढे केला. दोन्ही तपासण्या करा म्हणून ठणकावून सांगितलं.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघीच गेलो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी वाचला. आयजीजी पॉझिटिव्ह. आणि आयजीएमही पॉझिटिव्ह.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हालाही आहे, आई. आणि कागद म्हणतो, ताजं आहे."

सासूबाई लॅबच्या पायरीवरच बसल्या. मला वाटलं आता वीज कोसळणार. पण त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण झालं गं." मग म्हणाल्या, "ताजं कसलं? मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून येतायत हे फोड. हे असलं यंत्र, आणि त्याच्या सांगण्यावरून तुझं काढायचं?" आणि मग हळूच, "मला तिघं झाले. तिघंही धडधाकट झाले."

तेवढ्यावर त्या उठल्या आणि मला घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. माझा रिपोर्ट, त्यांचा रिपोर्ट, टेंभी नाक्याचा रिपोर्ट, सगळे टेबलावर आपटले. डॉक्टरीणबाई शिस्तीच्या, पण हट्टी नव्हत्या. त्यांनी तिन्ही वाचले, कोपरीच्या डॉक्टरांना फोन केला, आणि ठरलं की थोडे दिवस थांबायचं आणि टेंभी नाक्यालाच पुन्हा रक्त द्यायचं. नवी लागण असेल तर आयजीजीचा आकडा चढेल. जुनी असेल तर आहे तिथेच राहील. थांबायचं म्हणजे मोकळं होण्याची सोपी मुदत जवळजवळ संपणार. मी म्हटलं, संपू दे.

आकडा चढला नाही. त्या संध्याकाळी नवऱ्याने माझ्या पेल्यातलं पाणी उचलून पिऊन टाकलं. तेवढंच. सुरतेचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

आधीची दोन का गेली ते कोणालाच सांगता आलं नाही. कोपरीचे डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा कारण सापडतच नाही. त्यांनी फक्त दोन गोष्टी बजावल्या. कळा सुरू झाल्यावर मला कुठे फोड असतील तर लगेच सांगायचं. आणि बाळ झाल्यावर ज्याच्या ओठावर फोड असेल त्याने बाळाच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. "मोठ्यांना हे काहीच नाही. तान्ह्याला मात्र जिवावर बेतू शकतं."

मे महिन्यात मला मुलगी झाली. कोपरीला, माहेरी. सासूबाईंना तीन मुलगे, लेक नाही. म्हणजे माझ्या मुलीला सख्खी आत्या नाही. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. चुलत आत्या होत्या, पण सासूबाईंनी मी दवाखान्यात असतानाच जाहीर केलं होतं, "या कानात मीच कुर्र करणार. कोणी मधे यायचं नाही." नावही त्यांनीच ठरवलं होतं आणि कोणाला सांगत नव्हत्या. आपल्या तिन्ही मुलांचा पाळणा घेऊन बारशाच्या तीन-चार दिवस आधी त्या शीळफाट्यावरून टेम्पोत पुढे बसून भर उन्हात कोपरीला आल्या, पाळणा टांगून घेतला, हलवून बघितला आणि परत गेल्या.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. सासूबाई आल्या आणि दारातच थांबल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि पदर तोंडावर गच्च धरलेला.

"या ना विहीणबाई," आई म्हणाली. "तुमच्यासाठीच खोळंबलोय."

त्यांनी मान हलवली. मग पदर जरासा खाली केला. खालच्या ओठावर फोडांचा घोस उठला होता.

बायका म्हणायला लागल्या, अहो, एवढ्याने काय होतंय, तीन पोरं वाढवलीत की तुम्ही याच तोंडाने. आईसुद्धा म्हणाली, "कानातच तर सांगायचंय. जरा लांबून सांगा."

"तेव्हा माहीत नव्हतं मला," सासूबाई म्हणाल्या. "आता माहीत आहे."

त्यांनी आईला दाराशी बोलावलं, स्वतःचं तोंड पदरात धरूनच नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "जा. तुम्ही करा कुर्र."

"अहो, पण मान तुमचा आहे. आमच्याकडचं कोणी कसं..."

"मान काय चाटायचाय? जा म्हणते ना."

माझी आई, जी डोंबिवलीतलं पाणीसुद्धा नावाजत नसे, डोळे पुसत पाळण्यावर वाकली. मला रडू आवरेना. आईने बाळाच्या कानात कुर्र केलं आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायका तिच्या पाठीत बुक्के मारायला धावल्या. तेवढ्यासाठी सासूबाई दारातून आत आल्या, एका हाताने तोंडावरचा पदर न सोडता. त्यांचा बुक्का सगळ्यांत जोरात बसला, असं आई अजून सांगते.