कासवाचं पुढे काय झालं

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि पर्यावरणाचं काम माझ्याकडे आलं. मी मराठी शिकवते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, पालक आणि मुलं एकत्र बसून बघतील असा एखादा चित्रपट निवडा. पर्यावरणावरचा. रडका नको, उपदेश नको, आणि फार लांबलचक नको."

मी म्हटलं, "सर, मला यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही निवडा," ते म्हणाले. हे कौतुक होतं की दुसरं कोणी नव्हतं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मासेमारी बंदीचे दिवस होते. तारकर्लीला आमच्या दोन खोल्या आहेत, पर्यटकांसाठी, त्याही रिकाम्या होत्या, म्हणून नवरा घरी असायचा. मी ठरवलं, दर रविवारी दुपारी जेवण झाल्यावर घरच्यांबरोबर एकेक चित्रपट बघायचा. जो घरात चालेल तो शाळेत चालेल. साधा हिशोब वाटला होता.

पहिला निवडला तो बर्फाचा. पांढरी अस्वलं, निळं पाणी, बर्फाचे कडे कोसळताहेत, मागे गंभीर आवाजात निवेदन. आम्ही पंख्याखाली घामाने चिंब होऊन बसलो होतो. माझी मुलगी पाचवीत आहे. ती शेवटपर्यंत नीट बसली आणि मग तिने विचारलं, "आई, आपल्याकडे काय वितळतं?"

मी विचार करायला लागले. नवरा म्हणाला, "कुल्फी."

ती हसली, मीही हसले, पण तिचा प्रश्न तसाच राहिला. शाळेतल्या दीडशे घरांना इतक्या लांबचं दुःख दाखवायचं, तर ते जवळ कसं आणायचं? तो चित्रपट बाद झाला.

दुसऱ्या रविवारी प्लास्टिकचा. समुद्राच्या तळाशी बाटल्यांचा खच, त्यात अडकलेले मासे. हा जवळचा होता, फारच जवळचा. नवरा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आपले पावणे ह्या बघतले तर पाणी कित्यातसून पितले?"

"माठ ठेवूया की," मी म्हटलं.

"ठेवलेलो मी माठ. मुंबयच्या बाईन त्यात पाय धुतल्यान."

हे खरं होतं. मला तो माठ आठवला. नवऱ्याचं म्हणणं असं, की चित्रपट चांगला आहे, पण बघून झाल्यावर करायचं काय हे कोणी सांगत नाही. नुसतं वाईट वाटून घ्यायचं आणि उठायचं. मला वाटलं, वाईट वाटणं हीच तर सुरुवात असते. मग वाटलं, खरंच असते का? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं पर्यटकांवर चालतात. त्यांच्या आईबापांना अंधारात बसवून मी हे सांगणार, आणि माझ्याच खोल्यांच्या मागे बाटल्यांची पोती उभी. तो दाखवायचा की नाही, हे मी पुढे ढकललं.

तिसऱ्या रविवारी माझा धाकटा भाऊ त्याच्या मुलाला घेऊन आला होता. आमचं माहेर आतल्या गावात. भात, काजू, थोडे आंबे. गावाच्या वर सडा आहे, म्हणजे कातळाचं पठार, त्यातला आमच्या वाट्याचा तुकडा भावाने चिरेखाणीला काढला आहे. तिथले जांभे दगड चौकोनी कापून ट्रकने जातात. पावसात खाण बंद असते, म्हणून त्याला सवड होती.

मी आधी बघून ठेवायला हवा होता तो चित्रपट. नाव साधंसं होतं, म्हणून लावला. त्यात एक गाव, गावामागे डोंगर, आणि डोंगर कापणारा एक मालक. मालक गॉगल लावतो, सिगारेट ओढतो, म्हाताऱ्यांना धक्के मारतो. शेवटी गाव एकजुटीने उभं राहतं आणि मालकाचं यंत्र दरीत कोसळतं. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

भावाचा मुलगा दुसरीतला. तो वळून म्हणाला, "पप्पा, आपली पण अशीच खाण आसा मा?"

नवरा चहाचं बघतो म्हणून उठला, तो कधीच उठत नाही. भाऊ बाहेर घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिला. मीही त्याच्यामागे गेले.

"ताय," तो म्हणाला, "तुका खराच वाटता, मी डोंगर खातंय?"

"सिनेमा तो. खरो नाय."

"मगे माझ्या झिलाक सांग तसा." मग म्हणाला, "आणि तो मालक सारखो सिगारेटी कित्याक ओढता? माका साधी सुपारी सोसणा नाय."

मी आत आले. भाच्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तुझ्या पप्पांची खाण अगदी छोटी आहे. त्यांनी कोणाला त्रास दिलेला नाही."

तो म्हणाला, "मगे मोठी झाली की?"

मी त्याला लाडू दिला.

खरं सांगायचं तर मला स्वतःलाच समजत नव्हतं. ज्या घरात बसून आम्ही तो चित्रपट बघितला, त्याच्या भिंती त्याच दगडाच्या. लहानपणी त्या सड्यावर पावसानंतर बारीक जांभळी फुलं यायची, आम्ही दोघं ती तुडवत गुरांमागे फिरायचो. आता तिथे मोठा चौकोनी खड्डा आहे. मला त्या खड्ड्याचा राग येतो आणि भावाचा येत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, हे मी कोणाला विचारायचं?

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ताय, तो सिनेमा शाळेत दाखव गो. पोरांका कळूक होया. फक्त माका बोलव नको."

मी तो दाखवला नाही. पालकांना तो भडक वाटेल असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते कारण खरं होतं. पण तेवढंच होतं का, सांगता येत नाही.

शेवटी मिळाला तो कासवाचा. कुठल्यातरी दूरच्या बेटावरची गोष्ट. बोलणं फारच कमी. एक कोळी, त्याची नात, आणि दरवर्षी त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं एक मोठं कासव. त्यात वाईट माणूस कोणीच नाही, यानेच मला हायसं वाटलं. आमच्याकडे तोंडवलीच्या किनाऱ्यावरही कासवं येतात, मुलांनी ती पाहिलेली असतात. अडचण एकच होती. शेवटी ते कासव जुन्या जाळ्यात अडकतं आणि मरतं. आजोबा पोहोचेपर्यंत उशीर होतो.

कॉम्प्युटर शिकवणारे सर म्हणाले, "बाई, शेवटची दहा मिनिटं उडवून देतो. कासव समुद्रात चाललंय, तिथेच संपवू. कोणाला कळणार आहे?"

एका परीने बरोबर होतं. कुटुंबाने एकत्र बघायचं, लहान मुलं असणार. पण मराठीची शिक्षिका म्हणून कोणाच्या गोष्टीचा शेवट कापायला माझा हात धजेना. मी "बघू" म्हणाले. शाळेत दाखवायचा शनिवार उजाडेपर्यंत मी "बघू"च म्हणत होते, आणि शेवटी न ठरवताच पूर्ण चित्रपट लावला गेला.

सभागृहाच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. समोर माझ्या घरची पांढरी चादर पडदा म्हणून. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या, म्हणून बापमंडळीही आली होती. छत्र्या दाराशी ठिबकत होत्या. चित्रपट सुरू झाला आणि मला वाटलं होतं त्याहून शांतता झाली. बाप्ये लोक त्या परक्या कोळ्याची होडी बघत होते, तो दोरी कशी बांधतो ते आपसांत बोलत होते. कासव आलं, अंडी घालून परत निघालं. पाण्याखाली हिरवट काहीतरी हललं. ते जाळं होतं. कासवाचा पुढचा पाय त्यात गेला.

आणि वीज गेली.

आमच्याकडे पावसात वीज जाणं ही काही बातमी नाही. पण त्या क्षणी सगळं सभागृह एकदम "अरेऽऽ" करून ओरडलं. चादरी काढल्या, खिडक्या उघडल्या. सगळे आपापल्या जागी बसून राहिले. मुख्याध्यापक उभे राहून म्हणाले, "काळजी नको. बाईंनी चित्रपट पाहिलेला आहे. पुढे काय होतं ते बाई सांगतील."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

समोर चिमुरडी पोरं, त्यांच्यामागे त्यांचे आईबाप. मी म्हटलं, "वीज येईल, मग आपण सगळे मिळून बघू."

वीज आली नाही. तोवर पोरांनीच गोष्ट पुढे नेली. एकाने सांगितलं, नात कोयता घेऊन पोहत जाते. दुसरी म्हणाली, बाकीची कासवं येऊन दात लावतात. कासवाला दात नसतात यावर वाद झाला. एक बाप म्हणाला, मशीन लावून अख्खं जाळं ओढायचं, कासवासकट. मग काळोख दाटला आणि लोक छत्र्या उघडून निघून गेले. पुढच्या शनिवारी उरलेला भाग दाखवायचं ठरलं.

तो आठवडा माझ्यासाठी अवघड गेला. वर्गात, बस स्टँडवर, देवळात, जो तो विचारी, "बाई, कासवाचं पुढे काय झालं?" कॉम्प्युटरचे सर म्हणाले, "आता तरी कापा. कोणालाच माहीत नाही, जगवून टाका." मला एकदा वाटलं, जगवावं. मग वाटलं, आपण कोण जगवणार?

बाजारात सुकी मासळी घ्यायला गेले. तोंडवलीची एक बाई पावसाळ्यात तिथे सुकट, बांगडे घेऊन बसते. तिचा मुलगा आमच्याकडे पाचवीत, माझ्या मुलीच्याच वर्गात. मला बघताच म्हणाली, "बाई, ता कासव जगला काय ओ? झील माझो रोज जीव खाता."

"तुमका काय वाटता?" मी विचारलं. वर्गातली सवय.

"माका काय वाटतला? मी हय सुकट इकतंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मेला असात तर आताच सांगा. मी काय त्याका घेवन येवचंय नाय."

मी तिच्याकडे बघितलं आणि सांगून टाकलं. "मेला."

तिने सुकट मापून पिशवीत घातली, वर मूठभर जास्त टाकली. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली, "त्याका सांगा नको हां. आमी येतलंव शनिवारी."

का, ते मी विचारलं नाही. रस्ताभर मात्र तेच डोक्यात होतं. मरतं म्हणून आणणार नव्हती, आणि मरतं हे कळल्यावर येते म्हणाली.

शनिवारी पहिल्यापेक्षा जास्त माणसं आली. जी आली नव्हती तीही अर्धी गोष्ट ऐकून आली. वीज राहिली. आम्ही जाळ्यापासून पुढे लावलं. आजोबा वल्हवत निघतात, नात काठावर उभी. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मी त्या तोंडवलीच्या बाईकडे बघत होते. तिचा नवरा एका बाजूला, मुलगा मधे. शेवट जवळ आला तसा तिने मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला. मुलाने तिचं एक बोट वर केलं, मग दुसरं, आणि त्या फटीतून बघत राहिला. तिने हात काढला नाही, बोटंही परत मिटली नाहीत.

कासव हलायचं थांबलं. पुढे बसलेलं एक चिमुकलं पोर मोठ्याने म्हणालं, "निजला!" सगळं सभागृह हसलं. हसता हसता काहींनी डोळे पुसले. नंतर मी चर्चेसाठी प्रश्न तयार ठेवले होते, पण एकही हात वर झाला नाही. मुख्याध्यापकांनी आभार मानले, चहा आणि भजी झाली. पालकांना आवडलं की नाही, मुलांना काय समजलं, मी चेहऱ्यांवरून शोधत होते. भजी चांगली झाली होती, एवढं नक्की कळलं.

मी पडद्याची चादर काढत होते. तोंडवलीच्या बाईचा नवरा दुसरं टोक धरायला आला. घडी घालता घालता म्हणाला, "बाई, माझ्या जाळ्यात पण एकदा कासव इलेला. मी जाळा कापून सोडलंय त्याका."

त्याची बायको मागेच उभी होती. "खोटा! तुमी खंय कापल्यात? त्याना आपणच फाडल्यान नि गेला."

"तू होतस होडयेत?"

"होडयेत नाय होतंय. पण ता जाळा मीच शिवलंय मा? कापलेला नि फाटलेला माका कळणा नाय?"

तो जरा गडबडला. "दोन-चार धागे कापलंय गो. बाकीचा त्याना फाडल्यान."

"आता इलास वाटेर."

मुलगा दोघांच्या मधे येऊन उभा राहिला होता. त्याने विचारलं, "मगे ता जगला?"

बापाने चादर माझ्या हातात दिली. "समुद्रात गेला बाबा ता. फुडचा माका ठावक नाय."

आई म्हणाली, "जगला असतला." बाप म्हणाला, "पाय दुखावलेलो त्याचो." ती म्हणाली, "तुमका इतक्या लांबसून पाय दिसलो?" असं बोलत तिघं बाहेर पडली. मुलाला मधे बसवून स्कूटर सुरू झाली. फाटकापाशी वळताना ती अजून नवऱ्याच्या पाठीमागून काहीतरी सांगत होती, आणि तो मान हलवत होता, हो म्हणून की नाही म्हणून, मला तिथून दिसलं नाही.