बोरुडे साहेबांचा गुरुवार

बोरुडे साहेब चहा कधी बसून प्यायले नाहीत. कप हातात घेऊन ते कॉम्प्युटरच्या खोलीपासून वजनकाट्यापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. अर्धा चहा पिऊन कप जिथे आठवेल तिथे ठेवायचे. मला तो शोधत फिरावं लागायचं. कधी खिडकीत मिळायचा, कधी जिन्यावर, एकदा तर दुधाच्या टँकरच्या बंपरवर मिळाला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुमचा साहेब आता नगरला निघाला हुता, मी थांबवला."

कोल्हारच्या पुढे, मनमाड रस्त्याला आमची डेअरी आहे. मी तिथे झाडलोट आणि चहापाणी बघते. गावोगावच्या केंद्रांवरून दूध येतं. ते काट्यावर चढण्यापासून पिशवी दुकानात जाईपर्यंतचं सगळं एका मोठ्या सॉफ्टवेअरवर चालतं. सगळे त्याला सिस्टीम म्हणतात. ती चालू ठेवायची, रोज तिची नक्कल काढून ठेवायची आणि तिच्यात कुणी काय बघायचं, कुणी काय बदलायचं ते ठरवायचं, हे साहेबांचं काम होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला झाडू बाहेर ठेवायला लावला आणि ओलं फडकं घट्ट पिळून दाखवलं. आत कपाटाएवढं यंत्र घुमत होतं. त्यावर ओळीने हिरवे दिवे लागले होते. मी म्हटलं, "सगळं बरं दिसतंय." ते म्हणाले, "दिवा हिरवा म्हणजे बरं, असं न्हाई मावशी. ताप नसलेला माणूसबी आजारी असतो."

मग त्यांनी मला एक वही दिली. दिवसातून तीन वेळा भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा बघायचा आणि वेळ घालून लिहायचा. खोली तापली तर यंत्र बंद पडतं म्हणून. मी म्हटलं, मी चौथीच शिकले. ते म्हणाले, "दोन आकडे लिवायला चौथी लई झाली." माझी वही ते रोज वाचायचे. मी एकदा वेळ लिहायची विसरले तर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वेळ न्हाई तर नोंद न्हाई." रागावले नव्हते. त्यांना नुसतं राहवत नसे. लग्नानंतर मी कधी हातात पेन धरलं नव्हतं. त्या वहीमुळे धरलं, आणि आता हेही लिहिते आहे.

साहेब शनिशिंगणापूरजवळच्या वस्तीवरचे. त्यांच्या घराला दार नव्हतं. मॅनेजर साहेब त्यावरून त्यांना चिडवायचे, "बिनदाराच्या घरात वाढलेला माणूस इथं कुलपं लावत फिरतो." कारण साहेब कुणालाही गरजेपेक्षा जास्त अधिकार द्यायचे नाहीत. मॅनेजर साहेबांनाही सगळं उघडं नव्हतं. "ज्याला जेवढं काम, त्याला तेवढीच किल्ली," असं ते म्हणायचे. "गावात सगळे एकमेकाला वळखतात. इथं मी माझ्या हातालाबी वळखत न्हाई."

सिस्टीम दोन होत्या. एक खरी आणि दुसरी अगदी तशीच, सरावाची. काही नवीन करायचं तर आधी सरावाच्या सिस्टीमवर करून बघायचं. दर गुरुवारी सकाळी साहेब सरावाची सिस्टीम रिकामी करायचे आणि त्या दिवशीच्या नकलेवरून पुन्हा उभी करायचे. नक्कल कामाची आहे का, ते कळायला. पडदे दोन्ही सारखेच, म्हणून सरावाच्या पडद्याला वर पिवळी पट्टी लावली होती. मला ते सांगायचे, "हळद लागलेली ती सरावाची."

हे मॅनेजर साहेबांच्या कानावर गेलं. "बोरुडे, दर गुरुवारी हळद लावून तिला बोहल्यावर चढवता. लग्न कधी लावणार?"

"नक्कल परत उभी राहिली तर नक्कल, साहेब. न्हाईतर नुसती समजूत," असं म्हणत ते निघूनही गेले होते. त्यांची निम्मी वाक्यं लोकांनी त्यांच्या पाठीकडूनच ऐकली.

तो गुरुवार उन्हाळ्यातला. दोन दिवस आधी सिस्टीमची नवी आवृत्ती बसवली होती. तिच्यामुळे ती पिवळी पट्टी गेली. बुधवारी आकडा लिहिताना मला दिसलं की दोन्ही पडदे पांढरे आहेत. साहेबांना माहीत असणारच असं वाटलं, म्हणून मी बोलले नाही.

गुरुवारी पावणेनऊला मी आत गेले. साहेब उभ्यानेच वाकून काहीतरी दाबत होते. एका हातात मोबाईल, त्यावर कुणाला तरी "हां, हां, बगतो" चाललं होतं. मी बावीस लिहिलं. तेवढ्यात त्यांचा हात कळफलकावर तसाच थांबला. ते अगदी हळू म्हणाले, "आयला, खऱ्यात." मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली आणि बाहेर आले.

काट्यावर कविता बसते. राहात्याकडची, घरात एकटी मिळवती. ती गाडीचा केंद्र नंबर टाकायची आणि पडद्यावर यायचं, नोंद सापडली नाही. एक गाडी, दुसरी गाडी, सगळ्यांचं तेच. केंद्रांची सगळी नावं गेली होती. केंद्राशिवाय सिस्टीम दूध घेत नाही. फाटकाबाहेर पिकअप लागले, कॅन उन्हात. ड्रायव्हर ओरडायला लागले. कविता कागदावर वजनं लिहीत होती.

साहेब खोलीतून बाहेर आले ते अकराला. नावं परत आली होती. त्या सकाळचीच नक्कल होती म्हणून. पण एका पिकअपमधलं दूध तोवर फाटलं. ते परत पाठवावं लागलं.

मॅनेजर साहेब काट्यावर आले. केंद्रांची नावं घालायची आणि काढायची किल्ली कविताला त्याच आठवड्यात मिळाली होती, आणि सकाळी ती एका नव्या केंद्राचं नाव घालत होती. त्यांनी विचारलं, "काय दाबलं तुम्ही?"

"नवीन केंद्र घालत हुते, साहेब. माझाच हात लागला आसंल."

"आसंल म्हणजे? एका गावाचं दूध वाया गेलं. उद्यापासून येऊ नका."

बोरुडे साहेब तिथेच होते. ते म्हणाले, "तपासतो, साहेब." एवढंच. कुणी कधी काय दाबलं, त्याची नोंद सिस्टीम ठेवते, आणि ती नोंद उघडायची किल्ली एकट्या बोरुडे साहेबांकडे होती.

त्या दिवशी ते किती चालले असतील, देव जाणे. खोलीतून आवारात, आवारातून शीतगृहाकडे, तिथून परत. डबा उघडला नाही. कविता काट्यामागे बसून डोळे पुसत काम करत होती. ती मला म्हणाली, "मावशी, मला काय आठवंनाच झालंय. मी खरंच दाबलं का वं?" मी तिला पाणी दिलं.

दोनच्या सुमारास मी कप धूत होते. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"मावशी, सकाळी तुमी आत हुता."

"हो."

"काय बघितलंत?"

"बावीस होतं."

"तेवढंच?"

"तेवढंच, साहेब."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा उलट जास्त उतरला. नळ मीच चालू ठेवला होता, तो त्यांनी बंद केला. "तुमी असं म्हणू नका," ते म्हणाले. "ती नोंद खोडता येती मला. ह्या डेअरीत एकट्याला येती. त्यात तुमीबी असं म्हणाया लागलात तर मला धरून ठेवणारं काय राहत न्हाई."

ते पुन्हा चालायला लागले. दोन तास तरी चालले असतील.

चारला पाळी बदलते तेव्हा सगळे काट्यापाशी असतात, मॅनेजर साहेबसुद्धा. बोरुडे साहेब एक छापलेला कागद घेऊन आले आणि तो त्यांनी टेबलावर ठेवला. "नावं मी काढली, साहेब. सरावाची सिस्टीम समजून खरी रिकामी केली. आठ पंचेचाळीस. पट्टी गेलेली मला माहीत हुती, नंतर लावू म्हणलं. फोनवर बोलत काम केलं. कविताचा काय संबंध न्हाई."

मॅनेजर साहेबांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. मग म्हणाले, "कविता, तुम्ही उद्या या. बोरुडे, आत या." ते त्यांना सांभाळून घेणार, हे सगळ्यांना कळलं. माणूस कामाचा होता.

पण कविता उठून आडवी आली. ती कधी मोठ्याने बोलत नाही, तेव्हाही हळूच बोलली.

"साहेब, सकाळी का न्हाई सांगितलं?"

साहेब थांबले. "भ्यालो."

"मी दिवसभर माझंच बोट बघत बसले."

त्यांनी मान हलवली आणि मॅनेजर साहेबांच्या मागे गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी लावली. खऱ्या सिस्टीममधून काही काढायचं असेल तर दोन माणसांच्या किल्ल्या लागतील असं करून टाकलं. दुसरी किल्ली त्यांनी कविताला द्यायला लावली. मॅनेजर साहेब म्हणाले, ती काट्यावरची बाई आहे. साहेब म्हणाले, "म्हणूनच. तिला माझा भरवसा न्हाई." कविताने किल्ली घेतली. दर गुरुवारी ती त्यांच्या शेजारी उभी राहायची, पडदा नीट वाचायची, दोनदा वाचायची आणि मग आपला परवलीचा शब्द टाकायची. कामाशिवाय त्यांच्याशी एक अक्षर बोलायची नाही. तेही बोलायचे नाहीत.

दिवाळीनंतर साहेब पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेले. जाताना सगळ्यांना पेढे दिले. कविताने पेढा घेतला आणि टेबलावर ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर तो तिथे नव्हता. तिने खाल्ला की मुंग्यांना टाकला, मला माहीत नाही. साहेब मला म्हणाले, "वही सोडू नका." मी हो म्हटलं.

त्या दिवशी कागद टेबलावर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं होतं. वेळ, पट्टी, फोन. खोलीत मी होते, एवढं मात्र सांगितलं नाही. मी तिथेच, कपांचा ट्रे धरून उभी होते, आणि मीही सांगितलं नाही.

कविता आणि मी दुपारी एकत्र जेवतो. तिच्या डब्यातली भाजी ती आधी माझ्या ताटलीत वाढते. आजही वाढली.