कापसाचा बर्फ

रत्नागिरीच्या एका शाळेत मी तीस वर्षं बर्फ शिकवला. सरबतात घालतात तो नव्हे. आभाळातून पडतो तो. आमच्या पुस्तकात त्याला 'हिमकण' असं भारदस्त नाव होतं. मी तो आजतागायत पाहिलेला नाही. आमच्याकडे थंडी म्हणजे पौषात बाटलीतलं खोबरेल थिजतं, तेवढीच. पण शिकवायच्या आधी पाहिलेलं असावं लागतं, असं मानणारा माणूस शिक्षण खात्यात टिकत नाही.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागची. मी तेव्हा हंगामी शिक्षक होतो. वर्षातून एकदा तपासणीला साहेब येत. त्यांचा शेरा बरा पडला तर मी कायम होणार होतो, आणि कायम झालो तरच खेडचे एक गृहस्थ आपली मुलगी मला देणार होते. "हंगामी जावई आम्हाला नको," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे नोकरी आणि लग्न ही दोन्ही एका पाठावर येऊन अडली होती.

पाठ कोणता घ्यायचा ते हेडमास्तरांनी ठरवलं. मी भाताची लावणी सुचवली, आंबा सुचवला. त्यांनी मान हलवली. "आंब्यावर घ्याल तर साहेब चार चुका काढतील. शाळेचा शिपाईसुद्धा दोन काढील. बर्फावर कोण काढणार? पाहिलाय कुणी?" माणूस दूरदर्शी होता, हे कबूल करायला हवं.

पुस्तकात लिहिलं होतं, बर्फ पिंजलेल्या कापसासारखा मऊ असतो. मी माझी उशी उसवली आणि पडवीत बसून सावरीचा कापूस मोकळा करू लागलो. शेजारी जयगडकडचे एक खलाशी राहत. आगबोटीवर उत्तरेच्या थंड बंदरांपर्यंत जाऊन आलेले, आता घरीच असत. त्यांनी मधल्या दगडी गडग्यावरून विचारलं, "मास्तर, गादी भरताव काय?"

"नाही काका, बर्फ करतोय."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. त्यातली दोन बोटं मधल्या पेरापर्यंतच होती.

"ही बरफानं नेली. कापूस बोटं नेतो काय?"

त्यांनी मला आपल्या ओटीवर नेऊन बसवलं आणि घरातून सुपात तांदळाचं पीठ मागवलं. "कडक थंडीत पडतो तो असा. कोरडा. मूठ वळलीत तरी गोळा व्हायचा नाय. पायाखाली नुसता करकरतो." मग सूप हळूहळू तिरकं करत नेलं. पीठ बराच वेळ जागचं हललं नाही आणि एकदम सगळंच्या सगळं खाली आलं. "डोंगरावरनं असाच येतो. अख्खी घरं गाडतो." त्यांची बायको आत नारळ खवत होती. तिच्याकडून मूठभर खोबरं घेऊन त्यांनी त्याचा लाडू वळला. "थंडी जरा उतरली की असा. ओला, चिकट." शेवटी त्यांनी मिठाचं मडकं आणलं. पावसाळाभर राहिलेल्या मिठाचा त्यात दगड झाला होता. "हा पडून ऱ्हायलेला. कण कणाला धरतो. सांजेला फुंकरीनं उडायचा तो सकाळी पहारीनं फोडायला लागायचा. तो फोडतानाच गारठून बोटं गेली."

ट्रेनिंग कॉलेजात मिळालं नव्हतं तेवढं ज्ञान मला त्या तासाभरात मिळालं. मी खरोखर हरखून गेलो. कापूस उशीत परत भरला आणि काकांना तपासणीच्या दिवशी वर्गात येण्याची गळ घातली.

ते आले. काळा कोट घालून, घरचं पीठ आणि ताजं खवलेलं खोबरं घेऊन. बायकोनं पहाटे उठून दोन नारळ खवले होते. पाठ झकास चालला. सुपातलं पीठ घसरलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी एकदा महाबळेश्वरला गवतावर गोठलेलं दव पाहिलं होतं. तेव्हापासून खात्यात बर्फाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा असे. त्यांनी पुस्तक उघडलं. "इथे कापूस आहे. हे पीठ कुठून आलं?"

काका उठून उभे राहिले. "सायब, मी ह्या हातानं उपसलाय."

"शिक्षण किती?"

"दुसरी."

साहेब माझ्याकडे वळले, अगदी प्रेमानं. "मास्तर, पुस्तक बरोबर की हे?"

हेडमास्तर माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. खेडचे गृहस्थ तिथे नव्हते, तरी मला दिसले.

"पुस्तक, साहेब," मी म्हणालो.

काकांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि ते निघून गेले. मी मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं, बर्फ कापसासारखा मऊ असतो. मला माझी लाज वाटत होती. पण लाजेनं आवाज बसतो म्हणतात ते खोटं. माझा चांगला खणखणीत निघत होता.

दुपारी साहेबांचं जेवण हेडमास्तरांकडे होतं. पीठ आणि खोबरं वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी ते घरी पाठवलं. ज्या स्वयंपाकघरात धाकट्या भावालासुद्धा सोवळं नेसल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे, तिथे काकांच्या घरचं पीठ सुखरूप शिरलं. कुणाच्या घरचं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याचे मोदक झाले. साहेबांनी तूप घालून अकरा खाल्ले आणि शेरा लिहिला, "पाठ पुस्तकास धरून. समाधानकारक." उरलेले दोन मला मिळाले.

ते केळीच्या पानात बांधून मी काकांच्या ओटीवर गेलो. माफी मागायची होती, ती काही तोंडातून निघेना. मी पान पुढे केलं. त्यांनी ते उघडून पाहिलं.

"आमचाच नारळ?"

मी मान डोलावली. एक मोदक त्यांनी बायकोला दिला, दुसरा स्वतः सावकाश खाल्ला आणि उरलेली अर्धी बोटंही पुसून घेतली.

"ग्वाड झालाय," ते म्हणाले. "मास्तर, पोरांना उद्या येवढंच सांगा. कापसाचे मोदक होत नाय."

त्याच महिन्यात मी कायम झालो. मुलगी खेडहून आमच्या घरात आली. पुढे तो पाठ मी दरवर्षी घेतला, दरवर्षी उशी उसवली. काकांनी सांगितलेलं तेवढं मात्र मी पोरांना कधी सांगितलं नाही.